बाळासाठी सगळं सेंद्रियच आणायचं का?

प्रश्न पुण्याच्या एका आईचा आहे. मुलगी दहा महिन्यांची, वरचं खाणं चांगलं सुरू झालेलं. धान्य, डाळी, भाज्या, तूप, गूळ सगळं सेंद्रिय आणायचं ठरवलं तर महिन्याला पाच-सहा हजार रुपये जास्त जातात. दोघं कमावतात, तरी ते जड होतं. आणि नाही आणलं तर ‘मी माझ्या हाताने हिला विष भरवतेय’ असं मनात येत राहतं. सासूबाई म्हणतात, गावाकडून आपल्या शेतातलं आणू, त्याहून चांगलं काय असणार. शिवाय गुटी चालू ठेवायची का, हेही या आईने विचारलं आहे.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. सगळं सेंद्रिय आणायची गरज नाही. चार-पाच वस्तू निवडून आणा आणि उरलेलं लक्ष घरातल्या हळदीच्या डब्याकडे, पाकिटांच्या मागच्या बाजूकडे आणि मुलीच्या हिमोग्लोबिनकडे द्या. तुम्ही तिला विष भरवत नाही आहात. वेळेवर, मऊ शिजवून, ताजं खायला घालताय ना? मग तिच्या संरक्षणाचं मोठं काम तुम्ही आधीच करताय.

मी नाशिकला सव्वीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे. माहेर निफाड तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग आहे. त्यामुळे फवारणी मला कागदावर वाचून माहीत नाही, नाकाला माहीत आहे. आमच्याकडे तिला कुणी विष म्हणत नाही. ‘औषध मारलं’ म्हणतात.

‘सेंद्रिय’ हा शब्द एकाच गोष्टीबद्दल बोलतो: शेतात काय घातलं आणि काय फवारलं. माल शेतातून निघाल्यावर कुठे पडून राहिला, ओलसर राहून त्याला बुरशी लागली का, दळताना त्यात काय मिसळलं, कारखान्यात किती साखर पडली, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना जे बाधलेलं मी पाहते, ते बहुतेक वेळा शेतानंतरचं असतं.

म्हणून फवारणीची काळजी खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. प्रत्येक औषधाच्या डब्यावर पीक काढण्याआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते लिहिलेलं असतं. कुणाचे तीन दिवस, कुणाचे तीस. ते दिवस पाळले तर मालावर उरणारा अंश मर्यादेत येतो. भावाच्या पंपघरात भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर खडूने तारीख, औषधाचं नाव आणि ‘तोडणीला इतके दिवस’ असं लिहिलेलं असतं. त्याची द्राक्षं युरोपला जातात, म्हणून तो फळा आहे. २०१० साली महाराष्ट्रातल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे आमच्याकडे वेलीची वाढ रोखायला वापरतात ते, युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. तो घाव शेतकऱ्यांच्या मनात अजून ताजा आहे. तेव्हापासून निर्यातीच्या बागेतला नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय माल हलत नाही. पण त्याच गावातला जो टोमॅटो, फ्लॉवर किंवा वांगं पहाटे टेम्पोत भरून बाजार समितीत जातं, त्याला असा फळा नसतो. भाव चढला की दोन दिवसांपूर्वी फवारलेला मालही तोडला जातो. शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळी होणार नाही, कारण किडकं वांगं आपणच घेत नाही.

मुलांच्या शरीरात हा अंश जातो का? जातो. अमेरिकेत सिएटलच्या २३ शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पाच दिवस नेहमीच्या भाज्या-फळं-धान्यांच्या जागी सेंद्रिय दिलं आणि रोज लघवी तपासली. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या खुणा लघवीतून जवळजवळ नाहीशा झाल्या, नेहमीचं खाणं सुरू केल्यावर परत आल्या. म्हणजे सेंद्रिय खाण्याने फरक पडतो, आणि लगेच पडतो. पण त्याच देशाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सगळे पुरावे तपासून पालकांना सांगितलं की पोषणाच्या बाबतीत सेंद्रिय आणि साध्या अन्नात महत्त्वाचा फरक नाही आणि मुलांनी भाज्या-फळं भरपूर खाणं सगळ्यांत महत्त्वाचं. सेंद्रिय परवडत नाही म्हणून घरात भाजीच कमी येऊ लागली, तर मुलाचं नुकसानच होतं. असं करणारी घरं मी पाहिली आहेत.

तेव्हा निवड करा. जे सालासकट, पानासकट किंवा कच्चं पोटात जातं ते जमलं तर सेंद्रिय घ्या: द्राक्षं, स्ट्रॉबेरी, कोथिंबीर, पालक, ढोबळी मिरची. टोमॅटो रोज लागत असेल तर तोही. केळी, पपई, कलिंगड, लाल भोपळा, रताळं, नारळ यांची साल आपण काढतोच. त्यांच्यावर जास्तीचे पैसे घालवू नका. नाचणीसाठी तर मी कुणालाच सेंद्रियचा शिक्का शोधायला लावत नाही. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात ती नागली म्हणून पिकते, तिथे तिच्यावर सहसा फवारणी होतच नाही. तिथल्या बायकांच्या बचत गटांकडून साधी सुटी नागली घेतलीत तरी उत्तम.

शिक्क्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे दोन पद्धती आहेत. एकीत बाहेरची प्रमाणन संस्था येऊन तपासणी करते. ती राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली येते. दुसरीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात, तिला पीजीएस इंडिया म्हणतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनंतर पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचं तर यांपैकी एक प्रमाणपत्र लागतं आणि सोबत ‘जैविक भारत’चं हिरवं चिन्ह असतं. स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला यातून सूट आहे, म्हणून रविवारच्या शेतकरी बाजारातल्या काकांकडे शिक्का नसला तर ते खोटं बोलतात असं समजू नका. त्यांना विचारा, शेत कुठे आहे, बांधाला लागून कुणाचं शेत आहे, पिकावर मावा ही कीड पडली तर काय करता. खरं पिकवणारा माणूस या प्रश्नावर अर्धा तास बोलतो. मात्र दुकानातल्या पाकिटावर नुसतं ‘नॅचरल’, ‘शुद्ध’, ‘गावरान’ किंवा ‘केमिकल फ्री’ असेल, तर त्या शब्दांमागे कुठलीही तपासणी नसते. त्यांच्यासाठी दीडपट पैसे देऊ नका.

आता हळद. मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी दीड वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. हिमोग्लोबिन पावणेआठ. तीन महिने लोहाचं औषध नियमित देऊनही ते जेमतेम हलत होतं. पोट कायम कडक, चिडचिड, खाणं कमी. आई काटेकोर होती, घरात धान्य सेंद्रिय, तेल लाकडी घाण्याचं. शेवटी रक्तातलं शिसं तपासलं. डेसिलिटरला १८ मायक्रोग्रॅम आलं. अमेरिकेत आता साडेतीनच्या वर गेलं की घराची चौकशी सुरू करतात. वडिलांचा बॅटरीशी किंवा रंगाशी संबंध नव्हता, घराचा रंग नवा होता, डोळ्यांत सुरमा घालत नव्हते. मी आईला म्हटलं, स्वयंपाकघरातले सगळे मसाल्याचे डबे घेऊन या. ती पिशवी भरून घेऊन आली. माझ्या टेबलावर काचेचे दोन ग्लास पाणी ठेवलं. एकात मी माझ्या घरची हळद चमचाभर टाकली, दुसऱ्यात तिची. माझी हळूहळू तळाला बसली, वरचं पाणी फिकट राहिलं. तिची हळद टाकल्या क्षणी ग्लासभर लखलखीत पिवळा रंग पसरला आणि तो तसाच राहिला. आठवडी बाजारात सुटी घेतलेली हळद होती, ‘रंग फार छान आहे’ म्हणून. हळदीमुळेच शिसं वाढलं असं शपथेवर सांगता येणार नाही, कारण तिची प्रयोगशाळेत तपासणी होऊ शकली नाही. घाबरून आजीने ती टाकून दिली होती. पण हळद बदलली, लोह चालू ठेवलं आणि चार महिन्यांनी शिसं ११ वर आलं, हिमोग्लोबिन चढायला लागलं.

हळदीत शिसं येतं ते लेड क्रोमेट नावाच्या पिवळ्याजर्द रंगातून. हळकुंडं उकडून वाळवल्यावर ड्रममध्ये घालून घासतात, पॉलिश करतात. माल जुना किंवा निस्तेज असेल तर तिथे हा रंग टाकला की हळकुंड सोन्यासारखं दिसतं. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसं कुठून येतं हे शोधताना संशोधक अखेर हळदीपाशी पोहोचले. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. मनावर घेतलं तर हे होतं, म्हणून मुद्दाम सांगते. पुढे २०२४ साली भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांमधल्या हळदीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाटण्याच्या नमुन्यांत शिसं ग्रॅमला १००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलेलं होतं. आपल्याकडे कायद्याने मर्यादा १० ची आहे.

शिसं मुलांना जास्त का बाधतं? खाल्लेल्या शिशातलं मोठ्यांच्या शरीरात जितकं मुरतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलांच्या शरीरात मुरतं. आणि ज्या मुलात लोह कमी, त्याचं आतडं लोह समजून शिसंही ओढून घेतं. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. मुलाचं हिमोग्लोबिन सांभाळणं हे विषापासूनचंच संरक्षण आहे. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध देतात. तुमच्या मुलीला ते चालू आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

हळद कशी घ्यायची ते सांगते. सुटी, फार झगझगीत पिवळी हळद घेऊ नका. पाकीटबंद, परवाना क्रमांक असलेली घ्या. नाहीतर बिनपॉलिशची, मातकट दिसणारी हळकुंडं आणून डंकावर कुटून घ्या. नुसतं ‘अख्खं आणलं’ म्हणजे सुटलो असं नाही, कारण रंग वरूनच लावलेला असतो. एक हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाका. लगेच पिवळी धार सुटली तर परत करा. पाण्याचा प्रयोग म्हणजे प्रयोगशाळेचं उत्तर नव्हे, पण ढळढळीत भेसळ त्यात पकडली जाते. नक्की हवं असेल तर ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेण्याचा हक्क अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० ने तुम्हाला दिला आहे. चार-पाच घरं मिळून एकदा करा.

नाचणीतही रंग मिसळतात. ओल्या पांढऱ्या कापसाने दाणे घासा, कापूस लालसर झाला तर ती नाचणी नको. हाच रोडामाइन-बी नावाचा कापडाला लावायचा रंग गुलाबी कापूसमिठाईत सापडला म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने तिच्या विक्रीवर बंदी आणली. तुमची मुलगी अजून जत्रेत हट्ट करायच्या वयाची नाही, पण पुढच्या वर्षी होईल. तेव्हा भडक गुलाबी, भडक हिरवं असं सुटं काही तिच्या हातात देऊ नका, एवढं आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा.

पाकिटांकडे वळते. बाळांच्या तयार खाण्याच्या डब्यांवर आता सर्रास ‘ऑरगॅनिक’ लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन नावांत साखर, गूळ, खजूर सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन यांपैकी काही असेल तर सेंद्रिय असूनही ते तिच्यासाठी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच असं सांगितलं आहे. गूळही साखरच. सेंद्रिय गूळ रंगाने काळसर, चवीला खरपूस असतो आणि पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हायड्रोस पावडर घातलेली नसते, एवढं चांगलं आहे. मोठ्यांनी तोच खावा. पण दहा महिन्यांच्या बाळाच्या खिमटात तो ढेकळाने घालू नका. ‘लोह मिळतं’ म्हणून आया गूळ घालतात. जेवढ्या गुळातून तिच्या गरजेचं लोह मिळेल तेवढा गूळ कुठल्याच बाळाला देता येणार नाही.

आणखी एक प्रकार. अमेरिकेच्या संसदेच्या एका समितीने २०२१ च्या फेब्रुवारीत बाळांच्या तयार अन्नातल्या जड धातूंवर अहवाल दिला. त्यात तांदळाच्या पदार्थांत आर्सेनिक सापडलं आणि सेंद्रिय म्हणून विकला जाणारा मालही त्यात होता. कारण साधं आहे. आर्सेनिक माती-पाण्यातून येतं, फवारणी बंद केली म्हणून ते जात नाही. उपायही साधा आहे: रोज एकच धान्य देऊ नका. एक दिवस तांदूळ-मुगाचं खिमट, एक दिवस नाचणी सत्त्व, एक दिवस ज्वारीची पेज. तांदूळ खळखळून धुवा. कोकणात अजून भात वेळतात, जास्त पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकतात. त्याने आर्सेनिक बरंच कमी होतं.

गुटीबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ हे वाक्य मी रोज ऐकते. खारीक आणि बदाम यांना माझा विरोध नाही; ते स्वच्छ वाटून तिच्या खाण्यात घाला. वेखंड आणि जायफळ मात्र थांबवा. वेखंड जास्त गेलं तर बाळाला उलट्या होतात, गुंगी येते. अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. जायफळाने बाळ शांत झोपतं असं वाटतं, ती गुंगीच असते. वळसे मोजून द्यायचं शास्त्र आजीच्या हाताला होतं हे मी मानते, पण आज वेखंडाचा तुकडा कुठून आला, किती जुना, सहाण शेवटची कधी उकळली, हे कुणालाच माहीत नसतं. सासूबाईंना सांगताना ‘डॉक्टरांनी नाही म्हटलंय’ असं माझ्यावर टाका.

मधही एक वर्षाच्या आत नाही. रानातला असो, सेंद्रिय असो, चाटणभरही नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या कोवळ्या आतड्यात ते वाढून अंग लुळं पडतं. शेंगदाण्यांचं कूट द्यायचं तर दाणे स्वतः निवडा. सुरकुतलेले, काळपट, कडवट लागणारे दाणे बुरशीचे असतात आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आहे. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. त्या मक्यावर कुणी काही फवारलं नव्हतं. आणि अख्खा दाणा, अख्खं द्राक्ष पाच वर्षांपर्यंत देऊ नका. सेंद्रिय द्राक्षसुद्धा श्वासनलिकेत तितकंच घट्ट बसतं. उभी चिरून चार फाका करा.

दुधाची भीती थोडी कमी करते. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले. युरिया, डिटर्जंटसारखी जिवाला घातक भेसळ त्यांतल्या १२ मध्ये निघाली. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मात्र मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि ते गाईच्या बुरशी लागलेल्या पेंडीतून येतं. म्हणजे गवळ्याला ‘पाणी घालता का’ हे विचारण्याऐवजी ‘पेंड कुठे ठेवता, पावसाळ्यात भिजते का’ हे विचारा. तुमच्या मुलीचं मुख्य दूध वर्षभरापर्यंत तुमचंच राहू दे.

भाज्या-फळं धुण्याबद्दल. बाजारात शंभर प्रकारचे ‘व्हेजी वॉश’ आले आहेत, ते घेऊ नका. २०१७ साली सफरचंदांवर झालेल्या एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने सालीवरचं औषध साध्या पाण्यापेक्षा चांगलं निघालं. लिटरभर पाण्यात दोन चमचे सोडा, बारा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं, मग वाहत्या नळाखाली चोळून धुवायचं. आत मुरलेलं औषध यानेही निघत नाही, साल काढली तर आणखी थोडं जातं. सेंद्रिय पालकही असाच धुवा, कारण त्याला शेणखत घातलेलं असतं आणि जुलाबाचे जंतू मातीबरोबर येतात. पावसाळ्यात तर मी बाळांना कच्चं काहीच देऊ देत नाही.

आता सासूबाईंचं गाव. आपल्या शेतातली भाजी आणायचा त्यांचा विचार मला मनापासून आवडतो. ताजी असते, कुणी पिकवली ते ठाऊक असतं. फक्त त्यांना विचारा, घरच्या भाजीची ओळ कुठे आहे. आमच्याकडे खूप घरांत विहिरीच्या कडेला, गोठ्यामागे घरापुरती वांगी-मिरची-मेथी लावतात आणि तिला औषध मारत नाहीत. ती असेल तर डोळे झाकून आणा. पण कापसाच्या किंवा टोमॅटोच्या पट्ट्यात मधेच लावलेली असेल, तर शेजारच्या फवारणीचा तुषार तिच्यावर बसतोच.

आणि मुलीला घेऊन गावी जाल तेव्हा एक काम माझ्यासाठी करा. पोचल्यावर घराभोवती एक चक्कर मारा आणि औषधाचे डबे, बाटल्या, फवारणीचा पंप कुठे आहे ते बघा. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. त्याचा भाजीपाल्यावरचा वापर आपल्याकडे २००५ पासून बंद आहे, तरी ते घराघरांत असतं. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी, शेतमजूर गेले, तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. पण रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल, तेल किंवा पिण्याचं पाणी भरण्याची सवय अजून गेलेली नाही. माझ्या सव्वीस वर्षांत फवारणीच्या औषधाने जी मुलं मी गमावली, त्यांतलं एकही भाजीतल्या अंशाने गेलेलं नाही. एक अडीच वर्षांचा होता. कोनाड्यात थंड पेयाच्या बाटलीत उरलेलं औषध काढून ठेवलेलं होतं. वडील फवारून आलेले, अंघोळीला गेलेले.

तेव्हा डबे मूळच्या डब्यांतच, कुलूप लावलेल्या पेटीत, घराबाहेर. रिकाम्याला खिळ्याने भोकं पाडायची. फवारून आलेल्या माणसाने कपडे बदलून, साबणाने अंघोळ करून मगच बाळाला उचलायचं. ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर धुवायचे नाहीत. तुमची मुलगी आता रांगते, दोन महिन्यांत धरून उभी राहील. कोनाड्यापर्यंत हात पोचायला तिला वेळ लागणार नाही. दिवाळीला जाण्याआधीच सासऱ्यांना फोन करा.